शिष्यवृत्ती मंजूर झाली; विद्यार्थी कोठे आहे?



आपल्या घरचा मुलगा अथवा मुलगी महाविद्यालयात दाखल झाली म्हणजे आपणास कृतकृत्य वाटते, आणि तसे वाटणे साहजिक आहे. ज्यांच्या पणजोबांना शाळेच्या ओसरीवर बसण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या पणतीने वाशीच्या वा नेरूळच्या महाविद्यालयाचे ओळखपत्र गळ्यात घालून लोकलमधून उतरावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले, ही समजूत मात्र घातक आहे. जूनमध्ये प्रवेश घेतलेल्या आपल्या मुलांपैकी किती जण तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेस बसतात, याचा हिशेब आपल्यापैकी कोणी ठेवला आहे काय? जयंतीच्या वर्गणीचा हिशेब मात्र आपण पै-पैने ठेवतो.

या लेखात सरकारी योजनांची जंत्री देण्याचा माझा विचार नाही. मला सांगावयाचे आहे ते असे : विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्यास साहाय्य करणाऱ्या व्यवस्था आज कागदावर पुष्कळ आहेत. शुल्क आहे, निर्वाह भत्ता आहे, वसतिगृह आहे, तक्रारीसाठी कक्ष आहे, मनाचे दुखणे ऐकणारा समुपदेशक आहे. परंतु या साऱ्या व्यवस्था मागणाऱ्याची वाट पाहत बसलेल्या असतात. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी महाविद्यालय पाहिले आहे तो मागून घेतो. ज्याच्या घरात अगोदर कोणी मागितलेलेच नाही, त्यास काय मागावे, कोणाकडे मागावे आणि केव्हा मागावे, यांतले काहीच ठाऊक नसते. परिणामी ज्याच्यासाठी ही व्यवस्था उभी केली, नेमका तोच तिच्याबाहेर राहतो.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. १९१३ साली सयाजीराव गायकवाड यांनी त्यांस दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली, म्हणून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. तेथून ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावे लागले. त्यांची बुद्धी कमी पडली नव्हती, परिश्रम कमी पडले नव्हते. मुदत कमी पडली. पुन्हा लंडन गाठावयास १९२० साल उजाडले, आणि तेही सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज काढून. त्या काळात रमाबाईंनी घर कसे चालविले, हे आपणास सांगावयास नको. राजाश्रय, मित्राचा हात, स्वतःची काटकसर आणि घराची सोशिकता, एवढे सारे एकत्र आले तेव्हा तो अभ्यास पुरा झाला. यांपैकी एकही गोष्ट एकटी पुरेशी नव्हती.

हा अनुभव त्यांनी स्वतःपुरता ठेवला नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणाकरिता सरकारकडून ३ लक्ष रुपये मंजूर करून घेतले. १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तीच. आज आपली मुले जिला ‘भारत सरकारची शिष्यवृत्ती’ म्हणतात, ती. पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या वेळेत बसावे, ही साऱ्या जगाची रीत. येथे महाविद्यालयानेच विद्यार्थ्याच्या वेळेकडे पाहिले. विद्यार्थिसाहाय्य या शब्दाचा अर्थ मला तरी यापेक्षा अधिक स्पष्ट कोठे दिसला नाही.

आता आपल्या शहराकडे वळू. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि खाडीपलीकडच्या गावांच्या जमिनींवर हे नवे शहर उभे राहिले. आज ऐरोलीपासून पनवेलपर्यंत अभियांत्रिकी, वैद्यक, विधी, व्यवस्थापन यांच्या संस्थांची रांग लागलेली आहे. शिकावयास मुले येतात ती बीड, जालना, बुलढाणा, रत्नागिरी येथून. आणि शहरातल्या शहरात तुर्भे, दिघा, रबाळे येथील वस्त्यांतून. दोघांचे प्रश्न एकसारखे नाहीत. गावाहून आलेल्याचा पहिला प्रश्न छपराचा. वस्तीतल्या मुलाला छप्पर आहे, परंतु त्या छपराखाली सहा माणसे आणि एक दिवा आहे.

गावाहून आलेल्या मुलास शासकीय वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तमच. न मिळाली तर त्याच्यासाठी राज्य शासनाने २०१६–१७ या वर्षापासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना चालू केली. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच ती आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर यांच्याबरोबर नवी मुंबईचेही नाव तीत वरच्या श्रेणीत आहे. भोजनासाठी ३२,००० रुपये, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००, असे वर्षाचे ६०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हावेत, असे तेव्हा ठरविण्यात आले. विद्यार्थी स्थानिक नसावा, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे आणि त्याची हजेरी ७५ टक्के भरावी, अशा अटी आहेत. योजना चांगली आहे यात शंका नाही. परंतु हिशेब करून पाहा. निवासाच्या २०,००० रुपयांस बारांनी भागले तर महिन्यास १,६६६ रुपये पडतात. या पैशात नेरूळ वा कोपरखैरणे येथे खोली तर राहोच, चौघांच्या खोलीतील एक खाट मिळाली तरी नशीब. घरमालक आगाऊ अनामत मागतो जूनमध्ये. शासनाचा पैसा येतो तो अर्ज तपासून झाल्यावर. मधले महिने त्या मुलाने काय करावे? तो रात्री कोठे तरी पहाऱ्याचे काम धरतो, सकाळच्या तासास झोपतो, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते, आणि ज्या योजनेच्या पैशांची वाट पाहत त्याने पहारा केला, तिलाच तो अपात्र ठरतो. या वर्तुळास मी विद्यार्थ्याचा आळस म्हणावयास तयार नाही. अशा रकमा शहराच्या भाड्याशी आणि भाववाढीशी बांधलेल्या असाव्यात व पहिला हप्ता प्रवेशाच्याच महिन्यात मिळावा, अशी मागणी आपण सातत्याने केली पाहिजे.

शहरातच राहणाऱ्या मुलांकडे तर कोणाचे लक्षच नाही. ती स्थानिक, म्हणून स्वाधार नाही. कला, वाणिज्य किंवा शास्त्र शाखेच्या साध्या पदवीस असणाऱ्या व घरून येजा करणाऱ्या विद्यार्थ्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा निर्वाह भत्ता किती? २०२१ साली सुधारलेल्या दराने वर्षास ३,००० रुपये. म्हणजे महिन्याला अडीचशे. शुल्क माफ होते ही मोठीच गोष्ट आहे आणि तिचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु आई घरकामास आणि बाप बाजारात हमालीस जात असेल, तेथे अठरा वर्षांच्या मुलाने कमाई न करणे हाच मोठा खर्च असतो, आणि तो कोणत्याच अर्जात लिहिण्यास जागा नसते. या मुलांना पैशाइतकीच निकड शांत जागेची आहे. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात महानगरपालिकेने चांगले ग्रंथालय केले आहे. आपण तेथे छायाचित्रे काढून घ्यावयास जातो. तेथे आपली मुले रोज बसतात काय, हे विचारून पाहा.

आणखी दोन गोष्टी केवळ सावधगिरीच्या म्हणून सांगतो. पहिली अशी की, ज्यांचे उत्पन्न अडीच लाखांच्या वर आहे त्यांचे सारे दरवाजे बंद झाले असे नव्हे. महाराष्ट्रात अशा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांची निराळी योजना आहे, जिला विद्यार्थी ‘फ्रीशिप’ म्हणतात. पालिकेत कायम नोकरीवर असलेले कित्येक सफाई कामगार उत्पन्नाचा आकडा पाहूनच माघारी फिरतात. त्यांनी फिरू नये. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास शिष्यवृत्ती मिळत नाही. ‘आधी पैसे भरा, मागाहून शिष्यवृत्तीतून परत मिळतील’ असे सांगणारे दलाल प्रवेशाच्या दिवसांत पुष्कळ भेटतात. ज्या संस्थेत मुलास घालावयाचे, ती व तो विशिष्ट अभ्यासक्रम शिष्यवृत्तीस पात्र आहे की नाही, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून घेतल्यावाचून एक रुपयाही भरू नये. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांच्या बाबतीत तर ही चौकशी दुप्पट काळजीने करावी.

कार्यालय म्हटले की आणखी एक घोटाळा होतो. नवी मुंबई हे एक शहर असले तरी जिल्हे दोन आहेत. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. घर बेलापुरास आणि महाविद्यालय खारघरास, म्हणजे लोकलने एकाच स्थानकाचे अंतर; परंतु कागद मात्र ठाण्यास आणि अलिबागेस असे दोन दिशांना धावू लागतात. महाविद्यालय ज्या जिल्ह्यात, त्या जिल्ह्याच्या कार्यालयाशी शिष्यवृत्तीचा संबंध, एवढे लक्षात ठेवले तरी दोन खेपा वाचतील.

आता ज्या प्रश्नाने आपल्यासारख्या नवदीक्षित कुटुंबांना सर्वांत अधिक छळले आहे, त्याकडे येतो. तो प्रश्न दाखल्याचा होय.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली. आपल्या लोकांनी जात टाकली आणि ती टाकल्याबद्दल त्यांस दंड भरावा लागला. हिंदू धर्म सोडला म्हणून केंद्र सरकारच्या लेखी ते अनुसूचित जातीचे उरले नाहीत. महाराष्ट्र राज्याने १९६० साली नवबौद्धांस राज्याच्या सवलती चालू केल्या. केंद्राने मात्र १९९० साली कायदा दुरुस्त करीपर्यंत चौतीस वर्षे आपणास उंबऱ्याबाहेर ठेवले. त्या चौतीस वर्षांत कित्येक घरांनी कागदावर एक आणि मनात एक अशी दुहेरी नोंद केली, कित्येकांनी अभिमानाने शाळेच्या दाखल्यावर धर्म ‘बौद्ध’ आणि जातही ‘बौद्ध’च लिहिली, कित्येकांनी जातीचा रकाना कोरा सोडला. त्या अभिमानाबद्दल मला आदरच आहे. परंतु आज त्या घरातील नात अभियांत्रिकीच्या राखीव जागेसाठी उभी राहते, तेव्हा पडताळणी समिती तिला विचारते की, अनुसूचित जातींच्या यादीत ‘बौद्ध’ नावाची जात नाही, तर तुमची मूळ जात कोणती आणि पुरावा कोणता?

‘आम्ही जात सोडली, मग ती पुन्हा का लिहावयाची?’ असे आपल्यातील तरुण विचारतात, आणि दीक्षा नुकतीच घेतलेली मंडळी तर अधिकच तळमळीने विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. त्यास माझे उत्तर असे की, प्रमाणपत्रावरील ती ओळ आपल्या श्रद्धेविषयी काहीच बोलत नाही. आपल्या पूर्वजांवर पिढ्यान्‌पिढ्या कोणता अन्याय झाला त्याची ती सरकारी नोंद आहे, आणि त्या अन्यायाची भरपाई म्हणून जे काही मिळते, त्याची ती पावती आहे. सावकाराचे कर्ज बुडाले म्हणून कोणी खत जाळीत नाही. मूळ जात व ‘धर्मांतरित बौद्ध’ अशा दोन्ही गोष्टी लिहिलेले प्रमाणपत्र काढण्यात दीक्षेचा कोणताही भंग होत नाही, आणि आज अनुसूचित जातीतून बौद्ध होणाऱ्या कुटुंबाचे हक्कही त्यामुळे जात नाहीत. हे ठाऊक नसल्याने दीक्षा घेण्यासच कचरणारी माणसे आहेत. आणि दीक्षा घेतल्यावर मुलाचा दाखला मागण्यास लाजणारीही आहेत. दोघांचेही नुकसान सारखेच.

पुरावा लागतो तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा. नवी मुंबईत जन्मलेल्या मुलाचा पुरावा नवी मुंबईत सापडणार नाही. तो आजोबा-पणजोबा ज्या गावी होते तेथे शोधावा लागेल. गावच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, महार वतनाचे कागद, यांपैकी जे हाती लागेल ते. आणि येथे इतिहासाची एक गंमत पाहा. ज्या वतनाने आपणास गावाचे बिनपगारी गुलाम केले, जे मोडावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, त्याच वतनाच्या जीर्ण कागदाने आज पणतीला वैद्यकाच्या वर्गाचे दार उघडावे! कुटुंबातील वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकास पूर्वीच वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल तर काम पुष्कळ सोपे होते. सबब भाऊबंदकीच्या भांडणात चुलत्याने कागद देण्याचे नाकारू नये. जमिनीचा वाद न्यायालयात चालू द्या. पुतणीचा कागद तिला द्या. हे सारे काम मूल अकरावीत असतानाच हाती घ्यावे. निकाल लागल्यावर गावी धावणाऱ्यास तलाठी भेटला तर दप्तर मिळत नाही, दप्तर मिळाले तर साक्षांकित नक्कल मिळत नाही, आणि प्रवेशाची तारीख तर कोणासाठी थांबत नाही.

तारखेवरून आठवले. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका दलित मजुराच्या मुलास धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. भरावयाचे होते १७,५०० रुपये. गावातून रक्कम गोळा होईपर्यंत मुदतीची घटका टळली आणि जागा गेली. दारोदार फिरून अखेर त्याने सर्वोच्च न्यायालय गाठले, आणि त्या वर्षीच्या ३० सप्टेंबर रोजी न्यायालयाने त्यास प्रवेश देण्याचा आदेश दिला. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले, ते योग्यच. परंतु ज्यांस सर्वोच्च न्यायालयाचा रस्ता सापडला नाही अशांची गणती कोण करणार? साडेसतरा हजार रुपये ही नवी मुंबईतील आपल्या एखाद्या मंडळाच्या एका रात्रीच्या ध्वनिक्षेपकाची किंमत असेल.

पैसा येतो, परंतु वेळेवर येत नाही, ही शिष्यवृत्तीची जुनी व्याधी आहे. अर्ज महाडीबीटी या संगणकीय व्यवस्थेवर भरावा लागतो; तेथून तो महाविद्यालयाच्या कारकुनाकडे, तेथून जिल्हा कार्यालयाकडे जातो. या साखळीत एक कडी झोपली की सारे थांबते. बँक खाते आधारशी जोडलेले नसले तरी थांबते. म्हणून अर्ज भरला एवढ्यावर संतोष न मानता, तो सध्या कोणत्या टेबलावर आहे, हे दर पंधरवड्यास पाहावे. आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात धरावी. आता केंद्राच्या हिश्श्याची रक्कम विद्यार्थ्याच्याच खात्यात थेट जमा होते आणि तीत महाविद्यालयाचे शुल्कही असते. घरात आजारपण निघाले, खात्यात पैसे दिसले, ते खर्च झाले; मग वर्षअखेरीस महाविद्यालय निकाल अडवून धरते. असे घडू लागले आहे. त्या रकमेतील शुल्काचा भाग आपला नाही असे समजून तो तत्काळ भरून टाकावा.

शुल्क भरले, छप्परही मिळाले, तरी एक गोष्ट उरते. आणि तिच्याविषयी आपल्या घरांत बोलले जात नाही. वर्गात आडनावावरून कोणी हसते. ‘कोट्यातून आलेला’ म्हणून कोणी प्रयोगशाळेत जोडीदार होत नाही. गुणवत्ता यादी फळ्यावर लागते आणि नावापुढील प्रवर्ग साऱ्यांना दिसतो. मूल घरी येऊन काही सांगत नाही, कारण आईबापांनी पोटास चिमटा घेऊन आपणास येथे पाठविले आहे, हे त्यास ठाऊक असते. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याची संशोधनवृत्तीची रक्कम कित्येक महिने थकलेली होती. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याच्या आरोपाचा खटला झाला. या दोघांच्या माता त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. का गेल्या? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ सालीच विनियम करून प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी असावा आणि तक्रारीचा निकाल ६० दिवसांत लागावा असे सांगितले होते; ते नीट अमलात यावे एवढेच त्यांचे मागणे होते. नियम नव्हता म्हणून नव्हे, नियम फायलीत होता म्हणून त्या मातांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

नवी मुंबईतील प्रत्येक महाविद्यालयाच्या प्राचार्यांस माझा सरळ प्रश्न आहे : आपल्या समान संधी कक्षाचा दरवाजा कोणत्या मजल्यावर आहे? त्या अधिकाऱ्याचे नाव प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास ठाऊक आहे काय? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले की, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक असावा. उत्तम. परंतु समुपदेशकांबद्दलही मला थोडे बोलावयाचे आहे. विद्यार्थी येऊन म्हणतो, माझा अपमान झाला. आणि त्यास उत्तर मिळते की, श्वासाकडे लक्ष द्या, मन खंबीर करा. आम्ही बौद्ध आहोत. श्वासाकडे लक्ष देण्याचे महत्त्व आम्हांस कोणी नव्याने शिकवावयास नको. अपमान हा आजार नव्हे. थकलेला भत्ता हा आजार नव्हे. जेथे दुखणे मनाचे असेल तेथे समुपदेशक जरूर हवा, आणि त्याच्याकडे जाण्यात वेडेपणाचा कलंक नाही, हेही आपल्या वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावे. रात्री-अपरात्री टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावे. परंतु जेथे अन्याय संस्थेचा आहे, तेथे तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी आईने वा बापाने स्वतः जाऊन त्या पोचेवर तारीख आहे की नाही ते पाहावे. मुलास गुण किती मिळाले हे आपण विचारतोच. तो दुपारी कोणाबरोबर जेवतो, हेही विचारीत जा. एकट्याने जेवणारा मुलगा पुष्कळ काही सांगत असतो.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी आपले दुःख बोलून दाखविले होते. त्या भाषणाची आठवण आपण भाषणांतच काढतो. बेलापूरच्या कोकण भवनात, सिडकोत, महानगरपालिकेत, बँकांत आपले शेकडो लोक टेबलामागे बसलेले आहेत. अर्ज कसा लिहावा, कोणता कागद कोणत्या कागदाखाली लावावा, कोणत्या कारकुनास कोणत्या वेळी भेटावे, हे ज्ञान त्यांच्या हातास सवयीचे आहे. त्यांच्या स्वतःच्या मुलांचे अर्ज अडत नाहीत. दिघ्याच्या डोंगरउतारावरील मुलीचा अर्ज अडतो. दोघांमध्ये अंतर काही किलोमीटरचेच आहे आणि दोघेही वैशाख पौर्णिमेस पांढरी वस्त्रे नेसून एकाच वंदनेस उभे राहतात.

त्याच वैशाख पौर्णिमेपासून आषाढ पौर्णिमेपर्यंतचे दोन महिने म्हणजे नेमके दाखल्यांचे आणि प्रवेशांचे दिवस. या दोन महिन्यांत नवी मुंबईतील प्रत्येक विहारात रविवारी सकाळी एक टेबल मांडावे, असे मी सुचवितो. त्यावर एक संगणक, एक छापणी यंत्र, आणि दोन माणसे : एक कार्यालयीन काम जाणणारा आणि एक दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, ज्याने गतवर्षी स्वतः हे अर्ज भरले आहेत. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी अधिक महत्त्वाचा. कोठे अडते हे त्यास नुकतेच कळलेले असते आणि पहिल्या वर्षाचे मूल त्याच्याशी न लाजता बोलते. मुलींकरिता विद्यार्थिनीच बसावी.

याबरोबर एक फिरता निधी असावा. जयंतीच्या वर्गणीतील दहावा हिस्सा त्यात टाकावा. शिष्यवृत्ती मंजूर होईपर्यंत अनामत, परीक्षा शुल्क, पहिल्या महिन्याचे खोलीभाडे यांसाठी त्यातून उसने द्यावे आणि शासनाचा पैसा आला की विद्यार्थ्याने ते परत करावे. व्याज नको, जामीन नको. कोणास किती दिले, याचा फलक मात्र विहारात लावू नये. देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरण्याची हौस आपणास आहे, तिचे उलटे टोक गरिबाच्या मुलास टोचते. काही रकमा परत येणार नाहीत. ज्या मुलाने शिक्षण सोडले त्याची रक्कम येणार नाही, आणि तेव्हा निधीच्या चिटणिसाने वसुलीसाठी नव्हे, तर तो का सोडून गेला हे विचारण्यासाठी त्याच्या घरी जावे. गेलेल्या मुलांच्या घरी आजवर कोणी गेलेलेच नाही. टेबलावर बसणाऱ्या विद्यार्थ्यांना रेल्वेभाडे आणि दुपारचे जेवण निधीतून द्यावे. त्यांच्याही घरी रविवारची मजुरी बुडत असते.